कोल्ह्या-लांडग्याची वेळ : नगर जिल्ह्यातील संधिकालवाचक शब्दांचा विचार

उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर कोयोट नावाचे एक श्वापद आढळते. आकाराने ते आपल्याकडील कोल्ह्याहून मोठे व लांडग्याहून काहीसे लहान असते. त्याचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले. त्या देशातील शिकाऱ्यांच्या लेखनात या प्राण्याविषयी एक प्रश्न पुनःपुन्हा चर्चिला जातो, तो असा की, त्याची शिकार करावयास दिवसाची कोणती वेळ उत्तम? उत्तरही बहुधा ठरलेले असते. सूर्योदयाच्या मागचापुढचा घटका-दोन घटकांचा काळ सर्वांत चांगला, आणि त्याखालोखाल सूर्यास्ताच्या आसपासचा.

नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) कोयोट नाही. परंतु त्याचे दोन निकटचे सगोत्र, कोल्हा व लांडगा, येथे पुरातन काळापासून आहेत आणि हाच प्रश्न येथील लोकांपुढेही पिढ्यान् पिढ्या उभा राहिला आहे. फासेपारध्यापुढे तो शिकार करणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला, धनगरापुढे राखण करणाऱ्याच्या. एकाला जनावर केव्हा सापडेल हे जाणावयाचे असते, दुसऱ्याला ते केव्हा येईल हे. दोघांचे उत्तर अर्थातच एकच आहे. त्यांनी ते कोठे लिहून ठेवलेले नाही. मात्र देशावरच्या बोलीत दिवसाच्या दोन्ही कडांना जे शब्दांचे दाट रान वाढलेले दिसते, त्यात ते साठवलेले आहे असे म्हणावयास हरकत नाही. त्या शब्दांची रचना तपासणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम भूमी व प्राणी यांविषयी आवश्यक तेवढे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा अतिवृष्टीचा डोंगराळ मुलूख, मध्यभागी प्रवरा-मुळेच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा, आणि पूर्व-दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे या तालुक्यांतील कोरडी माळराने, अशी त्याची ढोबळ मांडणी करता येते. लांडग्याचे खरे घर म्हणजे ही माळराने. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एका सराईत लांडग्याला एका रात्रीत याच्या कितीतरी पट भूमी पायाखाली घालता येते, यावरून तो अभयारण्याच्या सीमेत राहणारा प्राणी नव्हे हे उघड आहे. तो गावांच्या, शेतांच्या आणि मेंढवाड्यांच्या मधल्या जागेत राहतो. आणि जागा वाटून घेणे अशक्य असल्यामुळे माणसाशी त्याने वेळ वाटून घेतली आहे.

ही वाटणी संधिकालावर का यावी, याची कारणे सर्वपरिचित असली तरी थोडक्यात सांगणे योग्य होईल. श्वानकुलातील प्राण्यांच्या नेत्रपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. रात्री दिव्याच्या झोतात त्यांचे डोळे चमकतात ते त्यामुळेच. मंद प्रकाशात त्यांना जे दिसते ते माणसाला दिसत नाही, आणि भर उन्हात माणसाला जे दिसते त्यात त्यांना विशेष लाभ नाही. दुसरे कारण उष्णतेचे. कुत्र्याप्रमाणेच कोल्हा-लांडगा अंगभर घाम गाळू शकत नाहीत. धापा टाकूनच शरीर थंड ठेवावे लागते. चैत्र-वैशाखातील नगरी माळावर दुपारी धाव घेणे म्हणूनच त्यांना परवडणारे नसते. तिसरे कारण गंधाचे आहे. पहाटे वारा पडलेला असतो, जमीन गार व दमट असते, गंध खाली साचून राहतो; ऊन चढू लागताच तो विरतो. वसाहतकाळात उटकमंड व पेशावर येथील इंग्रजांची पथके शिकारी कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे घोडी फेकीत. इंग्लंडात खोकडाची शिकार दिवसा चढत्या वेळी करण्याची रीत असताना हिंदुस्थानात मात्र तीच मंडळी पहाटे निघत, ती याच कारणाने. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भक्ष्यही याच वेळी हालते. काळवीट सकाळी व दिवस कलल्यावर चरते, ससा अंधार पडू लागताच बाहेर येतो, आणि मेंढरांचा कळप तर माणसाच्याच हुकुमाने उजाडल्यावर सुटतो व मावळतीला परततो. म्हणजे खाणारा, खाल्ला जाणारा आणि राखणारा, हे तिघे दिवसातून दोनदा एकाच मंद उजेडात एकमेकांसमोर येतात.

हा उजेड टिकतो किती वेळ? खगोलशास्त्राच्या परिभाषेत सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असताना जो प्रकाश असतो, त्यात उघड्यावर वस्तू ओळखता येतात. नगरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंश उत्तरेस, हा काळ २२ ते २४ मिनिटांचा असतो. लंडनला जूनच्या उत्तरार्धात तोच पाऊण तासाहून अधिक लांबतो. आपली जुनी घटका २४ मिनिटांची. तेव्हा आपल्याकडे प्रकाश आणि अंधार यांमधील उंबरठा जेमतेम एका घटकेचा आहे. ज्याला त्या एका घटकेत वाघरीचे खुंट ठोकून मेंढरे आत घ्यावयाची आहेत, किंवा फास लावून आडोशास बसावयाचे आहे, त्याला तिचेही तुकडे पाडून त्यांना निरनिराळी नावे द्यावी लागतात. घड्याळ येथे उपयोगी पडत नाही. नगरला जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास सात वाजून गेल्यावर; ‘सकाळी साडेसहा’ म्हणजे एका ऋतूत चांगले ऊन, तर दुसऱ्यात झुंजूमुंजू. लांडगा उजेडाकडे पाहून वाड्याजवळ येतो व उजेडाकडे पाहूनच माघारी वळतो. त्याच्याशी ज्यांचा व्यवहार आहे त्यांचे शब्दही उजेडाचेच असणार.

आता हे शब्द पाहू. पहाटेच्या बाजूने क्रम लावला तर तो साधारणपणे असा लागतो : चांदणी उगवणे, कोंबडा आरवणे, पहाट होणे, झुंजूमुंजू होणे, तांबडे फुटणे, फटफटणे, उजाडणे, दिवस उगवणे, दिवस कासराभर वर येणे. संध्याकाळच्या बाजूने : दिवस कलणे, गुरे परतणे किंवा गोरज, दिवस मावळणे किंवा बुडणे, कडूस पडणे, दिवेलागण, तिन्हीसांजा, अंधार पडणे, निजानीज होणे. सर्व गावांत हे सर्व शब्द वापरात असतात असे नाही, आणि शेजारच्या दोन शब्दांतील सीमारेषा गावोगाव सरकते. तथापि क्रम सहसा उलटत नाही. कोणी ‘उजाडल्यावर तांबडे फुटले’ असे म्हणणार नाही.

या दोन मालिका समोरासमोर ठेवल्या की एक भेद चटकन डोळ्यांत भरतो. सकाळची मालिका पाहण्याऐकण्याची आहे. चांदणी दिसते, कोंबडा ऐकू येतो, तांबूस रंग दिसतो, मग आकार दिसतात, मग सूर्य. संध्याकाळची मालिका परतण्याची व करावयाच्या कामाची आहे. गुरे घरी येतात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, दिवे लागतात, माणसे निजतात. पहाटे घराबाहेर असणारा मनुष्य मोजका असतो, आणि त्याचे लक्ष क्षितिजाकडे असते. संध्याकाळी सगळे गाव हालचालीत असते, आणि लक्ष उंबरठ्याकडे. शिकारी पहाट पसंत करतो त्याचे एक कारण यात सापडते. श्वापदांची हालचाल दोन्ही संधींना सारखीच असली तरी पहाटे रान मोकळे असते. सायंकाळी त्याच रानातून गुरे, गुराखी व बाजारकरी परतत असतात. शिवाय पहाटेचा प्रकाश वाढत जातो, संध्याकाळचा हातातून निसटत जातो. जखमी किंवा फासात अडकलेले जनावर शोधावयाचे असेल तर हा भेद निर्णायक ठरतो. राखणदाराला मात्र संध्याकाळ अधिक जड जाते. मेंढरे वाड्याकडे वळलेली असतात, कळप लांबट झालेला असतो, आणि मागे रेंगाळलेले कोकरू उजेडाच्या शेवटच्या टोकाला एकटे सापडते. ‘कातरवेळ’ या शब्दातील कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ असे मानले तर त्यामागे कवींच्या विरहव्यथेइतकीच ही साधी काळजीही असावी, असे मानावयास जागा आहे.

क्रियापदांकडे वळले असता भेद आणखी स्पष्ट होतो. प्रकाश ‘फुटतो’, अंधार ‘पडतो’. तांबडे फुटते, पहाट फुटते. कडूस पडते, रात्र पडते. फुटण्यात आतून बाहेर येणे आहे, पडण्यात वरून खाली येणे. मराठीने दिवसाची दोन टोके एकमेकांची प्रतिबिंबे म्हणून पाहिलेली नाहीत, असा याचा अर्थ होतो. ‘उजाडणे’, ‘फटफटणे’, ‘सांजावणे’, ‘अंधारणे’ या क्रियापदांचा तर आपल्या व्याकरणात एक वेगळा गटच आहे. यांना स्वतंत्र कर्ता लागत नाही. क्रियेचा भावच कर्ता मानून मराठी वैयाकरणांनी त्यांस भावकर्तृक म्हटले. ‘धनगराला घारगावच्या घाटात उजाडले’ हे वाक्य पदव्युत्तर विद्यार्थ्याने नीट उलगडून पाहावे. यात काळ आहे, स्थळ आहे आणि ज्याला तो काळ गाठतो तो मनुष्य चतुर्थीत आहे. इंग्रजीत वा हिंदीत हीच गोष्ट सांगावयाची झाल्यास सकाळ झाली तेव्हा अमुक मनुष्य अमुक ठिकाणी होता, अशी दोन गोष्टींची जुळणी करावी लागते. मराठीत सकाळ ही कोणाला तरी, कोठे तरी होते. वाटचाल करणाऱ्यांच्या समाजात हा प्रयोग जिवंत राहिला, यात नवल नाही.

‘तिन्हीसांजा’ या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. मूळ त्रिसंध्या म्हणजे प्रातः, मध्याह्न व सायं अशा तीन संध्या. मराठीत संख्या शब्दात तशीच राहिली आणि अर्थ मात्र आक्रसून एकट्या सायंकाळवर स्थिरावला. अर्थसंकोचाचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगावयास क्वचितच मिळते. ‘कासराभर’ची गोष्ट वेगळी. कासरा म्हणजे बैल हाकण्याचा दोर. क्षितिजापासून सूर्य तेवढा वर आला की दिवस कासराभर वर आला. हे कोनाचे माप नाही, आकाशासमोर मनाने धरलेले दोराचे माप आहे, आणि ते ज्याच्या हाती कासरा आहे त्याचे आहे. दिवस कासराभर वर आला की रात्रभर हिंडलेला लांडगा ओहोळाच्या झुडपात किंवा दरडीच्या सावलीत शिरलेला असतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने तेथे दिवस संपतो, शेतकऱ्याचा मात्र सुरू होतो. ‘झुंजूमुंजू’ची व्युत्पत्ती अंधार-उजेडाच्या झुंजीशी लावण्याचा मोह अनेकांना होतो. ती कल्पना सुंदर आहे एवढेच तूर्त म्हणता येईल. शब्दाची घडण पाहता तो ध्वन्यनुकारी द्विरुक्त शब्दांच्या पंक्तीत बसतो.

रात्रीच्या पोटात, जेव्हा क्षितिजावर काहीच दिसत नाही, तेव्हा तारे घटकांचे काम करतात. तीन ताऱ्यांचे तिकांडे खेड्यापाड्यांत सर्वांस ओळखीचे. आकाशातील ही सारी मांडणीच शिकारीची आहे. मृग पळतो आहे, व्याधाचा बाण त्याच्या अंगात रुतला आहे, तो बाण म्हणजे हे तिकांडे. डिसेंबरच्या मध्यास मृग दिवस मावळताना उगवतो व उजाडताना मावळतो. संपूर्ण रात्रभर शिकारी आणि सावज दोघेही डोक्यावर असतात. लांडगीच्या वेतांचा हंगामही दख्खनवर साधारण याच सुमाराचा. पिले बिळात असताना तिची व तिच्या जोडीदाराची ये-जा एरवीपेक्षा वाढते, त्यामुळे संधिकालाची शिस्त या दिवसांत थोडी सैल होते.

या मंद प्रकाशाचे लांडग्याशी असलेले नाते इतर भाषांतही उमटलेले आहे. फ्रेंच भाषेत तिन्हीसांजेला ‘कुत्रा आणि लांडगा यांमधली वेळ’ म्हणतात. लॅटिनमध्येही तसा प्रयोग होता. समोरून येणारी आकृती राखणीचे कुत्रे आहे की लांडगा, हे ओळखू न येण्याचा तो काळ. आधुनिक ग्रीकमधील संधिप्रकाशाचा ‘लिकोफोस’ हा शब्द ऐकणाऱ्यास ‘लांडग्याचा उजेड’ असा भासतो. परंतु त्यातील पूर्वपद लांडगावाचक नसून प्रकाशवाचक जुन्या धातूचे असावे, असे विद्वानांचे मत आहे. लोकव्युत्पत्तीने लांडगा त्यात शिरला असला तर तो योग्य वेळी शिरला, एवढे म्हणता येईल. आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. अश्विनांनी वर्तिकेची, म्हणजे लावा पक्ष्याची, वृकाच्या जबड्यातून सुटका केल्याचा उल्लेख ऋग्वेदात येतो. निरुक्ताच्या पाचव्या अध्यायात यास्काने या कथेत वर्तिका म्हणजे उषा व वृक म्हणजे सूर्य असा अर्थ लावला. अर्थ कोणास पटो वा न पटो, पहाट आणि लांडग्याचा जबडा यांची सांगड घालण्यास यास्काला आयास पडले नाहीत, हे लक्षणीय आहे.

कोल्ह्याच्या नावातच त्याची वेळ दडलेली आहे. संस्कृत ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे. त्यावरून क्रोष्टु, म्हणजे ओरडणारा. प्राकृतातील ‘कोल्हुअ’ व मराठी ‘कोल्हा’ यांचा संबंध याच शब्दाशी जोडला जातो. ज्या प्राण्याला लोक क्वचित पाहतात व नेमाने ऐकतात, त्याचे नाव आवाजावरून पडावे हे स्वाभाविक आहे. कोल्हेकुई बहुधा दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने व पुन्हा पहाटेपूर्वी उठते. पहिली टोळी बाहेर पडल्याची वर्दी, दुसरी ती परतत असल्याची. त्यांच्या मधल्या काळात कोल्हा मुकाट्याने हिंडतो. काकडीला राजी होणारा कोल्हा म्हणीपुरता नाही. बोरे, काकड्या, ऊस हे सारे तो खातो, आणि उंदीर-घुशी मारतो म्हणून शेतकऱ्याच्या उपयोगीही पडतो.

शिकारवाचक शब्दांची कथा मात्र तितकी निरुपद्रवी नाही. ‘शिकार’ हा फारसी शब्द दरबारी. त्याच्या आधीचा आपला शब्द ‘पारध’, प्राकृतात ‘पारद्धि’. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात तो संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दावरून साधला. पापर्द्धि म्हणजे पापाची समृद्धी. मूळ प्राकृत शब्दाला नंतर चढवलेला हा संस्कृत वेष असावा, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. तसे असेल तर एका धंद्याच्या नावात नीतिशास्त्र मागाहून घुसवले गेले. पुढे हेच धंदा करणाऱ्यांच्या वाट्यालाही आले. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होऊ शकला, आणि फासेपारधी त्याच्या कचाट्यात सापडले. नोंद झालेल्या व्यक्तीने ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून जागा सोडू नये, असे त्याचे स्वरूप होते. ज्या समाजाचा व्यवसायच दिवसाच्या दोन कडांवर चालतो, त्याला अशा नियमाने नेमक्या त्या कडा बंद झाल्या. रात्री-पहाटे रानात असणे ही पारध्याची कामाची वेळ, आणि कायद्याच्या दृष्टीने संशयाची. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय कायद्याबरोबर रद्द झाला नाही, हे नगर जिल्ह्यात कोणास सांगावयास नको.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातील हानी वेगळ्या प्रकारची आहे. पारध्यांची भाषा गुजराती-भिली गटाशी जवळीक दाखवते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या नवव्या खंडात ती भिली भाषांत गणलेली आहे. तित्तिराचा आवाज हुबेहूब काढून त्याला फासाकडे ओढणारा, बैलाच्या वा गाईच्या आडोशाने काळविटाच्या जवळ सरकणारा पारधी प्रकाशाच्या कोणत्या अवस्थेला काय म्हणतो, याचा शब्दसंग्रह झाला पाहिजे. मराठीच्या कोशांत हे शब्द सापडणार नाहीत. मराठी शाळेत गेलेल्या मुलांबरोबर ते वाटेला लागले आहेत.

आज शिकारीचा हेतू उरलेला नाही, आणि उरता कामा नये. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसांच्या लोभाने हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले असावेत, असा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. लांडगा पहिल्या अनुसूचीत असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, व कोल्ह्यासही कायद्याचे संरक्षण आहे. या कायद्याच्या मूळ स्वरूपात परवान्याने करावयाच्या शिकारीची सोय होती, आणि तीतही सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती व्यवस्थाच गेली. अमेरिकेत अनेक राज्यांतून शिकारीचे कायदेशीर तास सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होतात. म्हणजे तेथील कायद्याने संधिप्रकाश शिकाऱ्याच्या पदरात टाकला, आपल्या जुन्या तरतुदीने तो जनावराच्या. दोन्हीकडे कायद्याला घड्याळ सोडून सूर्याकडे पाहावे लागले, ही गोष्ट गमतीची आहे.

परंतु वेळेचा प्रश्न शिकार थांबल्याने मिटलेला नाही. राखणदाराच्या बाजूने तो तसाच उभा आहे. मेंढरू लांडग्याने नेले तर वन विभागाकडून भरपाई मिळू शकते. त्यासाठी पंचनामा होतो, आणि पंचनाम्यात वेळ लिहावी लागते. धनगर सांगतो, ‘कडूस पडताना’; लिहिणारा लिहितो, ‘सायंकाळी ७ वाजता’. वरकरणी यात काही बिघडत नाही. पण जानेवारीत सातला पुरता अंधार असतो आणि जूनमध्ये नुकताच उजेड ओसरू लागलेला असतो. वर्षभराचे असे कागद पुढे कोणी एकत्र केले तर लांडगा ऋतूनुसार आपली वेळ बदलतो, असा निष्कर्ष निघू शकेल. वास्तविक त्याने बदलले काहीच नाही. लेखनिकाने भाषांतर केले. क्षेत्रीय अभ्यासास निघणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच ‘किती वाजता?’ हा प्रश्न शक्यतो विचारू नये. ‘तेव्हा काय दिसत होते?’, ‘दिवे लागले होते का?’, ‘मेंढरे वाघरीत घेतली होती का?’ असे विचारून मिळेल तो शब्द जसाच्या तसा टिपावा, तारीख व गाव लिहावे, आणि घड्याळाची वेळ मागाहून पंचांगावरून काढावी.

खरा बदल निराळ्याच दिशेने येतो आहे. कॅटलिन गेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगभरातील ७६ अभ्यास व सस्तन प्राण्यांच्या ६२ जाती तपासून असे दाखवले की, माणसाचा वावर वाढतो तेथे प्राण्यांची निशाचरता सरासरी १.३६ पट होते. एरवी दिवस-रात्रीत आपली हालचाल निम्मी-निम्मी वाटणारा प्राणी माणसांच्या सान्निध्यात सुमारे ६८ टक्के रात्रीचा होतो. म्हणजे संधिकालातून प्राणी रात्रीकडे ढकलला जातो. याचे प्रत्यंतर अकोले तालुक्यात मिळते. तेथील शेतीप्रदेशात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे व तितकेच तरस असल्याचे दिसून आले. आणि मानवी वस्तीत राहणारे बिबटे दिवसा पिकात दडून रात्री घरांच्या अगदी जवळून फिरतात, हे गळ्यातील उपग्रह-पट्ट्यांच्या साहाय्याने झालेल्या पुढील अभ्यासातून कळले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाने माळरानाच्या कडेला दिवसभर अंधार पुरवणारे रान उभे केले. कोल्हा आणि बिबट्या यांना त्याचा लाभ झाला. उघड्या माळावरच्या लांडग्याला झाला नाही.

प्राणी रात्रीकडे सरकत असताना माणूसही तिकडेच गेला आहे. कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिली जाऊ लागल्यापासून शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस रात्री पाणी भरावे लागते. ऊसतोड मजुरांच्या गाड्या झुंजूमुंजू होण्याआधी फडाकडे निघतात. ज्या काळाला पूर्वी निजानीज म्हणत, त्यात आता बॅटरी घेऊन बांधावरून हिंडणारी माणसे असतात. दिवसा वीज मिळावी ही मागणी बिबट्याच्या भयाने अधिक तीव्र झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी आरंभी निवडलेल्या गावांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होते. योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देणे हाच आहे. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला.

या घडामोडींनी बोलीत नवे कालवाचक शब्द आणले आहेत, आणि त्यांचीही नोंद जुन्या शब्दांइतक्याच काळजीने व्हावयास हवी. ‘दिवसाची लाईट’, ‘रात्रीची लाईट’, ‘लाईट यायच्या टायमाला’ हे प्रयोग आज माळावरच्या व मळ्यातल्या बोलीत रुळलेले आहेत. रचनेच्या दृष्टीने ते ‘दिवेलागण’ या शब्दाच्या जवळचे आहेत. तेथे घरचा दिवा लागण्यावरून वेळ ओळखली जाई, येथे पंपाची वीज येण्यावरून. फरक एवढाच की, दिवेलागण रोज सूर्याच्या मागोमाग येई, आणि पुढच्या आठवड्यात लाईट केव्हा येणार हे उपकेंद्राच्या वेळापत्रकावर लिहिलेले असते.